सहीच्या रकान्यात ‘पायरी’

प्रिय बाळ्या,
सप्रेम जय ख्रिस्त.

तुझी पत्रं उत्तराविना पडून आहेत हे मला ठाऊक आहे. तू ती मोजून ठेवली असशील हेही ठाऊक आहे. शिव्या नंतर घाल. माझी शुगर ताब्यात आहे, गुडघा होता तसाच आहे, हिला चष्मा लागला. तब्येतीचं एवढं पुरे.

लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. मिशन रविवारी मंडळीत एक प्रकार घडला, आणि तो घडत असताना मला सारखी तुझी आठवण येत होती. बाकी कुणाला सांगून कळायचं नाही. हिला सांगितलं तर म्हणाली, “बरं झालं.” कुणाचं बरं झालं, ते काही सांगेना.

गल्लीतल्या शिलाईवाल्या मावशींना परवा व्यासपीठाजवळ उभं करून साक्ष द्यायला लावली. कल्पना खजिनदारांची. त्यामागचं कारण ऐकून तू ताडकन उठशील, तेव्हा आधी नीट बस. सुवर्णवचनाने आपल्या सेवाकार्याला देणगी कबूल केली आहे. हो, आपलाच सुवर्णवचन! दर रविवारी वचन धडाधडा म्हणून बाईंकडून रंगीत चित्र मिळवायचा आणि मग तेच चित्र आपल्याला गोट्यांच्या बदल्यात विकायचा, तोच. आता बराच मोठा झाला आहे. रक्कमही मोठी आहे, वर्षभर कुणापुढे हात पसरायला नको इतकी. पण त्याला दर तीन महिन्यांनी अहवाल हवा, अहवालात फोटो हवेत, ‘बदललेल्या जीवनांच्या’ साक्षी हव्यात. शिवाय शिध्याच्या यादीत एक नवा रकाना हवा: ‘रविवारी उपासनेला येतात काय?’

तर मावशी. इस्त्रीचं लुगडं नेसून आल्या होत्या. माइक कसा धरायचा कळेना, तेव्हा खजिनदारांनी तो त्यांच्या हनुवटीशी नेऊन धरला. मावशी म्हणाल्या, “ही माणसं चांगली आहेत.” खजिनदारांनी मान डोलावली. “पूर्वी एक पोरगा यायचा. पिशवी पायरीवर ठेवायचा, कडी वाजवायचा, आणि मी दार उघडेस्तोवर कोपऱ्यावर पोचलेला असायचा. शेजारणीला वाटायचं माझा भाचाच आणून टाकतो. मीही कधी नाही म्हटलं नाही. आता चौघं येतात. पिशवी हातात धरायला लावतात, फोटो काढतात. सगळ्या गल्लीला कळलं. तर पिशवी बंद केलीत तरी चालेल. नातीचा गणिताचा वर्ग तेवढा बंद करू नका.” एवढं बोलून माइक खजिनदारांच्या हातात दिला आणि जागेवर जाऊन बसल्या.

तरुण संघाने टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, साक्ष संपली की वाजवायच्याच असतात. पाळकसाहेबांनी घाईघाईने गीताचा नंबर सांगितला, पेटीवाल्याला सूर सापडेना, आणि आक्का पहिल्या बाकावर पदर तोंडाला लावून हसत होत्या की रडत होत्या, देव जाणे.

घरी आल्यावर मी जुनी वही काढली. तुझ्या हातची पानं उघडली. तारीख, नाव, पिशवी एक, आणि सहीच्या रकान्यात ओळीने तुझं ते गिचमिड अक्षर: पायरी, पायरी, पायरी. एका महिन्यात ‘पायरी नाही, खिडकी, कुत्रं होतं’. ऑडिटच्या वेळी या पानांवरून मला काय ऐकून घ्यावं लागलं होतं ते तुला कधी सांगितलंच नाही, कारण तेव्हा आपलं बोलणं बंद होतं.

आता लगेच फुगू नकोस. मी अजूनही सहीच्याच बाजूचा आहे. पैसा लोकांचा असतो. यरुशलेमेच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा पौलासारख्या पौलानेही ती एकट्याच्या अंगावर घेतली नाही. तीताबरोबर आणखी भाऊ धाडले, एवढ्या मोठ्या दानाच्या बाबतीत कुणी बोट दाखवू नये म्हणून. करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय मी तेव्हाही तुझ्या तोंडावर फेकला होता, आणि तू म्हणालास, “पौलाने विधवांच्या सह्या घेतल्या नव्हत्या.” मला पटकन उत्तर सुचलं नव्हतं. आज सुचलंय: पौलाकडे ऑडिटर नव्हता.

आणि यादीचं म्हणशील तर तीही लागतेच. तीमथ्याला पत्र लिहितानाच विधवेचं नाव यादीत घालायला साठ वर्षांची अट आहे. म्हणजे पात्रता, चौकशी, हे सगळं काही सुवर्णवचनाने शोधून काढलेलं नाही. पण परवापासून मी प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय पुन्हा पुन्हा वाचतोय. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांची उपेक्षा होते अशी कुरकुर झाली, म्हणून सात जण निवडले, हे आपण संडेस्कूलपासून ऐकतोय. त्या सातांची नावं मात्र कधी नीट पाहिली होती का? स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी ग्रीक. ज्यांची तक्रार होती त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप दिलेलं दिसतं.

मी हे सेवा कमिटीत मांडलं. म्हटलं, फोटो आणि साक्षी बाजूला राहू द्या, आधी मावशींनाच कमिटीवर घ्या. गल्लीत कुणाचं काय चाललंय हे त्यांच्याइतकं आपल्यातल्या कुणाला माहीत आहे? खजिनदार म्हणाले, त्या मंडळीच्या सभासद नाहीत, घटनेत बसत नाही. पाळकसाहेब म्हणाले, प्रार्थनापूर्वक विचार करू. त्याचा अर्थ तुला सांगायला नकोच.

खजिनदारांवर मी उगाच चिडतो, असं ही म्हणते. खरं आहे. सेवा फंड जवळजवळ रिकामा आहे. अभ्यासवर्गाची खोली गळते, पोरं एका कोपऱ्यात सरकून बसतात. चाळीसेक घरांची मंडळी, त्यातली निम्मी पेन्शनवर. दशांश तरी किती येणार? “पैसा त्याचा, अट त्याची” असं ते म्हणतात तेव्हा त्यांच्यापुढे कोरी पावतीपुस्तकं असतात. मीच एकदा विचारलं, “समजा रकाना भरला आणि समोर ‘नाही, नाही, नाही’ असंच आलं, तर?” म्हणाले, “मग पुढच्या वर्षी ‘हो’ येईल असं पाहायचं.” त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं रे. म्हणूनच मला झोप लागली नाही.

पंडिता रमाबाईंवरून आपण आख्खी रात्र भांडलो होतो ना, गाडीत, वरच्या बर्थवरचा माणूस ओरडेपर्यंत? तू रानड्यांच्या बाजूने होतास, मी बाईंच्या. बाई आपल्या खोलीत प्रार्थनेला बसत आणि दार उघडं ठेवत, मुली आपणहून येऊन बसू लागल्या. त्यावरून गदारोळ झाला आणि 1893 साली रानडे-भांडारकरांनी बाईंनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून अंग काढून घेतलं. तू म्हणत होतास, आसरा देणाऱ्याने दार उघडं ठेवलं तरी त्याचं ओझं आसऱ्याला आलेल्यावर पडतंच. मी म्हणत होतो, बाईंनी स्वतःच्या खोलीत दार लावून चोरासारखी प्रार्थना करायची का? मी आजही तेच म्हणेन. सुवार्ता सांगायची नाही, अशा मताचा मी नाही, कधीच नव्हतो. पण दार उघडं ठेवणं वेगळं, आणि आत कोण आलं याची हजेरी घेऊन ती देणगीदाराला पाठवणं वेगळं. हे तुझ्या बाजूला येणं समजू नकोस.

या निमित्ताने बरंच वाचन झालं. दिदाखे नावाची एक फार जुनी पुस्तिका आहे, प्रेषितांनंतरच्या पहिल्या पिढ्यांमधली. तिच्यात म्हटलंय, फिरता प्रेषित आला तर त्याला एक दिवस ठेवून घ्या, गरज असेल तर दोन. तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा संदेष्टा. पैसे मागितले तरी खोटा. आपल्याकडे उतरलेले ते सुवार्तिकभाऊ आठवतात? माझी खाट, माझी चादर आणि जाताना माझी छत्री. ही पुस्तिका तेव्हा हाताशी असती तर!

दुसरी गोष्ट फ्रेंच पाद्री व्हिन्सेंट द पॉल यांची. 1617 साली फ्रान्समधल्या शातियों गावात त्यांनी एका आजारी कुटुंबासाठी उपदेशात कळकळीने विनंती केली, तर सगळं गाव एकाच दिवशी त्या घराकडे लोटलं. त्यांच्या लक्षात आलं, आज इतकं येऊन पडलंय की नासून जाईल, आणि उद्या पुन्हा काही नाही. मग त्यांनी बायकांचं मंडळ केलं, पाळ्या लावल्या, नियम लिहिले. म्हणजे तेही वहीवालेच, माझ्यासारखे! पण त्या नियमांत एक असा आहे की ज्या आजाऱ्याजवळ घरचं कुणी आहे त्याच्यापासून सुरुवात करा आणि एकट्या असलेल्यांकडे शेवटी जा, म्हणजे त्यांच्यापाशी जास्त वेळ बसता येईल. खजिनदारांनी वाटपासाठी जवळच्या रस्त्याचा नकाशा केलाय. आक्का मात्र दवाखान्यातल्या भेटी नेमक्या त्या नियमासारख्या करायच्या, कुणी न शिकवता. शेवटच्या खाटेवरच्या माणसापाशी त्यांना इतका उशीर व्हायचा की आपण बाहेर स्कूटरवर बसून वैतागायचो.

गणिताचा वर्ग “मिशनमध्ये कुठे बसतो?” असाही प्रश्न निघाला. मी म्हटलं, 1780 साली ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्सने रविवारची शाळा काढली ती कशासाठी? आठवडाभर कामावर जुंपलेल्या पोरांना वाचायला शिकवायलाच ना? यावर पाळकसाहेबांनी प्रार्थना करून सभा संपवली.

आता मुख्य मुद्दा. सुवर्णवचनाला उत्तर लिहायचं काम माझ्यावर आलंय. मसुदा तयार आहे. जमाखर्च दर तीन महिन्यांनी पाठवू, पावतीसह, किती पिशव्या गेल्या, किती मुलं वर्गाला येतात, छताला काय लागलं, सगळं. हवं तर येऊन वही तपास. पण नावं नाहीत, चेहरे नाहीत, हजेरीचा रकाना नाही. रोमन सम्राट ज्युलियनचाही दाखला घातलाय: 362 च्या सुमारास हा ख्रिस्तीविरोधी बादशहा आपल्या पुजाऱ्याला चिडून लिहितो की हे लोक स्वतःच्या गरिबांबरोबर आमचेही पोसतात. वैऱ्याने दिलेलं असं प्रशस्तिपत्र आपण गमवायचं का, असं विचारलंय. जरा जड झालंय, पण सुवर्णवचनाला दाखले आवडतात.

मसुदा कितीही चांगला असला तरी मी लिहिलं तर तो म्हणेल, चिटणीस अडून बसला. तू लिहिलंस तर वेगळं. तुझं तो ऐकतो, गोट्यांच्या काळापासून ऐकतो. आणि दुसरं कारण तुला माहीतच आहे. तुझ्या वडिलांच्या वहीतली ती नोंद. ‘एक विद्यार्थी, फी’, वर्षानुवर्षं. नाव कुठेच नाही. आपण दोघांनी बेरजा तपासताना शाळेच्या पावतीवरून ओळखलं आणि काकांनी आपल्याकडे असं काही पाहिलं की आपण आजतागायत तोंड उघडलं नाही. सुवर्णवचनाला ते माहीत आहे की नाही, मला कळत नाही. कदाचित घरच्यांनी सांगितलंही असेल, आणि म्हणूनच तो आज देऊ पाहतो आहे. कदाचित काहीच माहीत नसेल.

परवा रात्री मला मोह झाला. मसुद्याखाली एक ओळ लिहिली होती, ‘तुझ्या फीच्या वेळी कुणी फोटो काढला नव्हता.’ वाचून बरं वाटलं, फारच बरं वाटलं. मग ती ओळ खोडली, आणि खालून दिसत होती म्हणून कागदच फाडला. एकाची लाज वाचवायला दुसऱ्याची काढायची, हे काकांना चाललं नसतं. तुलाही ती ओळ सुचेल. तुझं तोंड मला माहीत आहे. घालू नकोस. ती वगळून जे लिहिता येईल ते लिही. कमिटीची पुढची बैठक महिन्याच्या शेवटच्या रविवारी आहे, त्याच्या आत त्याला पोचलं पाहिजे. फोन करू नकोस, फोनवर तू तिसऱ्या वाक्याला चिडतोस.

तो नाहीच म्हणाला तर? छत आपण तरुण संघाला घेऊन दुरुस्त करू. पिशव्या कमी होतील, हे मी मावशींच्या तोंडावर सांगायला तयार आहे. एवढंच, की त्या हल्ली माझ्याकडे बघून हसतात आणि मला वाटतं त्यांनी तुझं नाव मुद्दामच घेतलं नाही, मला डिवचायला.

बाकी तुझं काय? वहिनींची बदली रद्द झाली का? धाकटीचा निकाल कळव. नव्या घरी पाण्याचं काय झालं? तिकडच्या मंडळीत पुन्हा काही अंगावर घेतलंयस असं उडत उडत कानावर आलं. वही ठेवत जा.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
चिटणीस (अजूनही)

ता. क. माझं गीतांचं पुस्तक तुझ्याकडे आहे. पहिल्या पानावरचं माझं नाव खोडलं असशील, पण पेटीखाली ठेवून पडलेला डाग ओळखतो मी. पत्राबरोबर पाठव.