तीन शून्यांचा फोन लागलाच पाहिजे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

ऑस्ट्रेलियात पोलीस, रुग्णवाहिका आणि अग्निशमन दल या तिन्हींसाठी 000 हा एकच क्रमांक आहे. 18 सप्टेंबर 2025 रोजी ऑप्टस या दूरसंचार कंपनीच्या नेटवर्कवरून तो तासन्‌तास लागत नव्हता. साउथ ऑस्ट्रेलिया, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, नॉर्दर्न टेरिटरी आणि न्यू साउथ वेल्सच्या काही भागातून केलेले शेकडो कॉल पोहोचलेच नाहीत. काही मृत्यूंचा संबंध या बिघाडाशी जोडला गेला. ना वादळ होते, ना सायबर हल्ला. फायरवॉलचे, म्हणजे नेटवर्कमधल्या सुरक्षा यंत्रणेचे, नेहमीचे अपग्रेड चालले होते. असे काम सुरू करण्याआधी त्या मार्गावरचे कॉल दुसऱ्या मार्गाने वळवून घ्यायचे असतात. तेच नीट झाले नाही.

बिघाड इतका वेळ का राहिला, हे समजून घ्यायला हवे. एखाद्या कंपनीचा टॉवर पूर्ण बंद पडला, तर फोन आपणहून दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवर जातो आणि तिथून 000 लागतो. त्यासाठी सिमसुद्धा लागत नाही. पण टॉवर चालू असेल आणि आतली फक्त 000कडे जाणारी वाट तुटली असेल, तर फोनच्या लेखी सारे आलबेल असते. सप्टेंबरमध्ये साधे कॉल व्यवस्थित लागत होते. त्यामुळे कंपनीच्या नियंत्रण कक्षात धोक्याची घंटा वाजली नाही, आणि 000 लागत नाही असे कॉल सेंटरला कळवणाऱ्या ग्राहकांची तक्रार वरपर्यंत गेलीच नाही.

हे पहिल्यांदा घडले असते तर एक वेळ समजून घेता आले असते. 8 नोव्हेंबर 2023 रोजी याच कंपनीचे देशभरातले नेटवर्क पहाटे चारच्या सुमारास कोसळले. सॉफ्टवेअर अपग्रेडनंतर सिंगटेल या सिंगापूरच्या मालक कंपनीच्या आंतरराष्ट्रीय नेटवर्ककडून राउटिंगच्या (कोणता डेटा कोणत्या वाटेने जावा याच्या) माहितीचा लोंढा आला आणि ती वाट ठरवणाऱ्या सुमारे 90 राउटर यंत्रांनी ठरलेली मर्यादा ओलांडली जाताच स्वतःला तोडून घेतले. दुरून ते चालू होईनात, माणसे जागेवर पाठवावी लागली. कोटीभर ग्राहक, दवाखाने, दुकानांतली कार्ड मशीन, मेलबर्नच्या लोकल गाड्या, सगळे अडकले. 2,145 जणांना 000 लागला नाही. नंतर त्यांतल्या 369 जणांची ‘तुम्ही सुखरूप आहात ना’ ही चौकशी करणेही कंपनीला जमले नाही.

दंड झाला 1.2 कोटी डॉलर. गरज नसलेले फोन आणि प्लॅन गळ्यात मारल्याबद्दल याच कंपनीला 2025 मध्ये 10 कोटी डॉलर दंड झाला. तो योग्यच होता. पण तातडीची मदत न पोहोचण्याची किंमत त्याच्या आठव्या हिश्शाइतकीही नसावी, हे मला पटत नाही.

खासगीकरणामुळे राउटर बिघडतो असे मी म्हणणार नाही, सरकारी खात्यातही तो बिघडू शकतो. टेल्स्ट्रा ही जुनी सरकारी कंपनी 1997, 1999 आणि 2006 अशा तीन टप्प्यांत विकली गेली. ऑप्टस 2001 पासून सिंगटेलच्या मालकीची आहे, आणि सिंगटेलमध्ये बहुसंख्य वाटा सिंगापूर सरकारच्या टेमासेक या गुंतवणूक कंपनीचा. म्हणजे ऑस्ट्रेलियन जनतेच्या जिवाशी निगडित यंत्रणेचा नफा बाहेर जातो आणि जबाबदारी मात्र अहवालांत अडकून पडते. 000च्या कॉलमधून कंपनीला एक छदामही मिळत नाही, म्हणून त्याच्या चाचणीवर खर्च करण्याची घाईही तिला नसते. ती घाई कायद्यानेच लावावी लागते. प्रत्येक अपग्रेडनंतर प्रत्येक राज्यातून खरा 000 कॉल लावून पाहिल्याशिवाय काम पूर्ण झाल्याची सही होऊ नये. 2023च्या चौकशीनंतर सुचवलेला 000साठीचा स्वतंत्र पालक-अधिकारी (या सगळ्या यंत्रणेवर देखरेख ठेवणारा) कायद्याने 2025 मध्ये, दुसऱ्या बिघाडानंतर आला. हा उशीर अक्षम्य आहे.

इथल्या मराठी घरांत भारतातून आईवडील महिनोन्‌महिने राहायला येतात. त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी मुद्दाम सांगतो. ऑक्टोबर 2024 अखेर इथले 3जी बंद झाले. त्यामुळे भारतात घेतलेला फोन 4जीवर इंटरनेट आणि साधे कॉल देत असला, तरी 000चा कॉल 4जीवरून लावेलच असे नाही. *#06# दाबून आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख) क्रमांक काढा आणि तो फोन 000साठी चालतो का, हे सिम देणाऱ्या कंपनीला नेमके विचारा. सॅमसंगच्या काही जुन्या मॉडेलांतही हा दोष आढळला आहे, त्यांचे अपडेट टाळू नका. मोबाइलवरून 112 लावला तरी तो 000कडेच जातो, तेव्हा आईवडिलांच्या लक्षात असलेला क्रमांकही चालतो. तो जातो मात्र त्याच नेटवर्कवरून.

तातडीच्या वेळी कॉल लागला नाही तर लगेच कापू नका, दुसरे नेटवर्क शोधायला फोनला मिनिटभर लागू शकते. तरीही जमले नाही तर दुसऱ्या कंपनीचे सिम असलेला फोन घ्या, शेजाऱ्याचे दार वाजवा किंवा टेल्स्ट्राच्या सार्वजनिक फोनवर जा, तिथे पैसे लागत नाहीत. म्हणूनच एका घरातले सगळे फोन एकाच कंपनीचे ठेवू नयेत. एनबीएनवर, म्हणजे राष्ट्रीय ब्रॉडबँड जाळ्यावर, चालणारा घरातला फोन वीज गेली की बंद पडतो. तांब्याच्या तारेवरच्या जुन्या फोनला वीज एक्स्चेंजमधून मिळायची, तशी सोय एनबीएनवर नाही.

सेवा बंद पडून नुकसान झाले असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि तक्रार क्रमांक घ्या. दाद मिळाली नाही तर टेलिकम्युनिकेशन्स इंडस्ट्री ओम्बुड्समन या तक्रार निवारकाकडे जा. ग्राहकाला तिथे शुल्क नाही. सेवा कधी बंद पडली, कधी आली आणि नुकसान किती झाले, हे बिलांसह मांडा. फुकट डेटा देऊन कंपनी विषय मिटवू पाहते, 2023 मध्ये 200 जीबी देऊन तेच केले. ज्याचा धंदा दिवसभर बुडाला, त्याने तेवढ्यावर तक्रार मागे घेऊ नये.

— एक वाचक, मेलबर्न