ज्यांची नावं विचारायची राहून गेली, त्यांचे आभार

नोकरीसाठी या उष्ण, दमट देशात आलो तेव्हा घर, शाळा, व्हिसा यांचीच चिंता होती. बुरशीचा विचार कोण करतो? पहिल्याच पावसाळ्यात कमरेच्या पट्ट्यावर हिरवट लव चढली आणि पासपोर्टची पानं दमट होऊन फुगली. वरच्या मजल्यावरच्या काकांनी कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं, एसी ‘ड्राय’वर लावला, कागदपत्रांच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. आर्द्रता ६० टक्क्यांखाली ठेवा, एवढंच म्हणाले आणि चहाही न घेता गेले.

औषधाच्या दुकानातल्या ताई, तुमचे आभार कसे मानू? ह्यांना ताप होता, अंग ठणकत होतं, मी आयब्युप्रोफेन मागितलं. तुम्ही सरळ नाही म्हणालात. डेंगी असेल तर या वेदनाशामक गोळीने रक्तस्रावाचा धोका वाढतो, पॅरासिटामॉल द्या आणि आजच रक्त तपासा. मला तेव्हा रागच आला होता. डेंगीच निघाला.

नंतर इमारतीच्या माळीदादांनी आमच्या कुंड्यांखालच्या बशा ब्रशने खसाखसा घासून दाखवल्या. नुसतं पाणी ओतून भागत नाही. काठाला चिकटलेली डासांची अंडी कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात. आता दर रविवारी ते काम माझं.

आणि परवान्याच्या रांगेत भर पावसात माझ्या फायलीवर छत्री धरणाऱ्या बाई, छत्री अजून आमच्याकडेच आहे.