भरती, खोली आणि आमची ‘मानसिकता’

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अल्पसंख्याक मुलं पोलीस आणि सैन्यभरतीत का दिसत नाहीत यावरचा तुमचा कालचा लेख वाचला. कारण काय, तर म्हणे आमच्या पोरांची अनास्था आणि ‘मानसिकता’. भाषा फारच छान. फक्त लिहिणारे पहाटे साडेपाचला कुठल्या ग्राउंडवर जाऊन आलेत असं वाटलं नाही.

माझा भाचा मिरजेचा, बीए करून पोलीस भरतीच्या तयारीला पुण्यात गेला. 1600 मीटरला 20 पैकी 20 मार्क पडतील असा पळतो, गोळाफेकीत जरा कच्चा आहे. अकॅडमीजवळ खोली बघायला मी सोबत होतो. मालक रिटायर्ड माणूस, चहा पाजला, डिपॉझिट ठरलं, मग आधार कार्ड हातात घेतलं आणि नाव वाचल्यावर त्यांना एकदम आठवलं की गावाकडनं पुतण्या राहायला येणारे. शेजारच्या घरी म्हणाले नॉनव्हेज चालत नाही. बरं, घर त्यांचं. पण त्याच घरात वर भरतीचीच पोरं राहत होती आणि खिडकीत अंड्यांचा ट्रे ठेवलेला मला खालनं दिसत होता की हो! आता पोरगा लांब एका नातेवाइकाकडे राहतो आणि ग्राउंड गाठायला चारला उठतो. याला तुम्ही अनास्था म्हणा.

‘तुला कोण घेणारे’ म्हणून पोराला गॅरेजला बसवणारे आमच्यातही आहेत, खोटं कशाला बोलू, आमचे दाजीच त्यातले. खोलीचं कळल्यावर फोनवर म्हणाले, बघ, मी काय म्हणत होतो. काय उत्तर देणार त्यांना? मुसलमानांची परिस्थिती तपासायला नेमलेल्या सच्चर समितीनं 2006 सालीच सांगितलंय की लोकसंख्येत मुसलमान 13.4 टक्के आणि आयपीएसमध्ये 4 टक्के. त्याची कारणं फक्त पोरांच्या डोक्यात शोधायची, घरमालकांच्या नाही, हे सोयीचंय.

लेखाच्या शेवटी नेहमीप्रमाणे परमवीर अब्दुल हमीद आलेच. 1965 च्या युद्धात असल उत्तरला त्यांनी पाकिस्तानचे रणगाडे कसे उडवले हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही पाठ आहे, आम्हाला कितीदा सांगणार? घर भाड्यानं देणाऱ्यांना सांगा की एकदा.

आणि हो, लेख पोलीस भरतीचा अन् फोटो ईदच्या नमाजाचा, हे कोणाचं डोकं? तुमच्याकडे ग्राउंडचा फोटो नसेल तर भाच्याचा पाठवतो. पळतानाचा घ्या, गोळा फेकतानाचा नको.

आपला जुना वाचक,
मिरज