लकव्याच्या हाताला आरसा लागतो हे आम्हाला चार महिन्यांनी कळलं

संपादक साहेब, नमस्कार.

माझ्या आईला मागच्या वर्षी लकवा झाला, डावी बाजू गेली. पाय सावरला, काठी धरून गल्लीच्या तोंडापर्यंत जायला लागली, पण हात काही हलेना. डिस्चार्जच्या वेळी गोळ्यांची चिठ्ठी मिळाली, हाताचं काय करायचं ते कुणी बोललंच नाही. मग जो जे सांगेल ते केलं, तेल झालं, लेप झाला, एकाने तर कबुतराचं रक्त चोळा म्हणून सांगितलं (ते नाही केलं), यात चार महिने गेले. ते महिने अजून मनाला लागून राहिलेत.

नंतर एका फिजिओथेरपिस्ट मॅडमनी आरशाचा व्यायाम दाखवला. टेबलावर दोन हातांच्या मधे आरसा उभा करायचा, त्याचं तोंड चांगल्या हाताकडे, लकव्याचा हात आरशामागे झाकलेला. चांगला हात हलवायचा आणि बघायचं फक्त आरशात, तिथे उजव्याचा डावा दिसतो, म्हणजे डोळ्याला वाटतं गेलेला हातच मूठ उघडतोय. मागच्या हातानेही तसंच करायचा मनापासून प्रयत्न करायचा. लकव्यात बिघाड हातात नसतो, मेंदूत असतो, आणि हात हलताना दिसला की मेंदूतल्या हालचालीच्या जागा कामाला लागतात असं त्यांनी समजावलं.

आरशातला हात आपलाच वाटायला पाहिजे म्हणून अंगठी, बांगड्या काढा म्हणाल्या. आई बांगड्या काढायला अजिबात तयार नव्हती, वडील आहेत ना. शेवटी दोन्ही हातात सारख्या हिरव्या बांगड्या घातल्या, मॅडम म्हणाल्या चालेल की.

आईचा सगळा जन्म विड्या वळण्यात गेला. मूठ उघड, मनगट फिरव हे करून कंटाळायची, म्हणून मी तिच्यासमोर तेंदूचं पान ठेवलं. उजव्या हाताने पान गुंडाळायला लागली आणि आरशात बघून म्हणाली, "अगं, हा वळतोय बघ की!" तिच्या डोळ्यात पाणी आलं आणि माझ्याही. रोज अर्धा तास, आठवड्यातले पाच दिवस. सहाव्या आठवड्यात आरशामागचा अंगठा खरंच हलला. आज विडी वळता येत नाही, पण भांडं घासताना डाव्या हाताने कड धरते, साडीचा पदर धरते.

ही काही कुणाची भोंदूगिरी नाही. तमिळनाडूत जन्मलेले डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात हात तुटलेल्या लोकांसाठी हा आरसा वापरला, नसलेल्या हातातही त्यांना वेदना व्हायच्या. लकव्याच्या ९ पेशंटवरचा त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. २०१८ मध्ये कॉक्रेन या, जगभरचे वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेने ६२ अभ्यास, १९८२ पेशंट एकत्र तपासले, हाताची हालचाल आणि रोजची कामं यात फायदा दिसला, तोही नेहमीच्या व्यायामासोबत केल्यावर. जपानमध्ये तर लकव्याच्या हातावर स्क्रीन ठेवून हलणाऱ्या हाताचा व्हिडिओ दाखवतात. आपल्याला एवढं नको, साधा आरसा पुरे. फक्त पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टकडूनच शिकून घ्या, कारण कुणाला आरशात बघून गरगरतं, कुणाचं एका बाजूकडे लक्षच जात नाही, त्यांचं वेगळं बघावं लागतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की पेशंट घरी सोडताना त्याच्या माणसांना पंधरा मिनिटं हे दाखवा. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमाग आणि विड्यांवर घर चालतं, हात गेला की चूल थांबते. महापालिकेच्या दवाखान्यांत एक आरसा, एक टेबल आणि आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपिस्ट एवढं केलं तरी खूप होईल. आणि सांगताना मराठीबरोबर तेलुगू-कन्नडमधूनही सांगा, आमच्या शेजारच्या अक्कांना तेलुगूच कळतं, त्यांच्या मालकांचा उजवा हात गेलाय, त्यांना मी खाणाखुणा करून आरसा लावून दिला.

— एक वाचक, विडी घरकुल, सोलापूर