बाबा, पोस्टातली ठेव मोडू नका

मोशी,
रविवार, ९ जून २०२४

ती. आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आम्ही घर विकत घ्यायचं आणि त्यासाठी तुम्ही ठेव मोडून पैसे द्यायचे हा विषय निघाला की बाबा, तुमचा आवाज चढतो, मग माझा चढतो, आणि आई मधूनच "जेवलीस का गं" म्हणत फोन काढून घेते. म्हणून आज लिहायला बसले आहे. कागदावर हिशेब दिसला की तुम्ही आधी लाल पेन शोधाल आणि मग रागवाल. मधे तेवढाच श्वास घ्यायला वेळ.

आधी निकाल सांगून टाकते. आम्ही घर भाड्यानं घेतलंय. मोशीत, दोन बेडरूमचं, चौथा मजला, भाडं १९ हजार, डिपॉझिट ६० हजार. करार एकदम छत्तीस महिन्यांचा केला आणि काल त्याची नोंदणीही झाली. तेव्हा पोस्टातली ठेव मोडायला उद्या सोमवारी जाणार असलात तर कृपा करून जाऊ नका.

ते १२ लाख तुम्ही गेल्या वर्षी मे महिन्यात ज्येष्ठ नागरिक योजनेत ८.२ टक्क्यांनी ठेवलेत. दर तीन महिन्यांनी २४,६०० रुपये येतात. आईच्या औषधांचं आणि लाइटबिलाचं तुम्ही त्याच्यावर बसवलंय, मला ठाऊक आहे. आत्ता मोडली तर दोन वर्षं पुरी झालेली नाहीत म्हणून मुदलातून दीड टक्का, म्हणजे १८ हजार कापून घेतील. ते गेले तर गेले. पण आईच्या दोन्ही गुडघ्यांचं डॉक्टरांनी काय सांगितलंय ते तुम्ही मला सांगितलं नाहीत, दादानं सांगितलं. मग मी कुठल्या तोंडानं ते पैसे घेऊ?

आता तुमचं नेहमीचं वाक्य, भाडं म्हणजे वाहत्या पाण्यात टाकलेला पैसा. हिशेब असा आहे. आम्हाला आवडलेला फ्लॅट ७५ लाखांचा. बँक ऐंशी टक्के देते, म्हणजे ६० लाख. पदरचे १५. मुद्रांक शुल्क इथे सात टक्के, माझ्या एकटीच्या नावावर घेतलं तर सहा, म्हणजे साडेचार लाख. नोंदणीचे ३० हजार. बांधकाम चालू असलेलं घर म्हणून पाच टक्के जीएसटी, पावणेचार लाख. खिडकीला पडदा लागायच्या आधीच साडेतेवीस लाख गेले. पुढं साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचं कर्ज, हप्ता ५२ हजारांच्या थोडा वर. पहिल्या हप्त्यातले ४२,५०० निव्वळ व्याजाचे. तीन वर्षांत पावणेएकोणीस लाख भरायचे आणि मुद्दल फिटायचं तीन लाख नव्वद हजार. बाबा, उरलेले पंधरा लाख कुठल्या पाण्यात गेले?

दुसरं गणित तुमच्याच भाषेत, दरसाल दर शेकडा. पाऊण कोटीच्या घराला वर्षाचं भाडं सव्वादोन लाखांच्या आसपास येतं, म्हणजे शेकडा तीन. साडेआठनं पैसे उचलून तीनची सोय विकत घ्यायची. तुम्ही म्हणाल, घराची किंमत वाढते की. वाढत असेल. पण मिरजेत तुम्ही घेतली ती जमीन होती, तिच्यावर तुम्ही बांधलंत. इथे मला जमिनीचा एक अविभक्त हिस्सा कागदावर मिळणार आणि वर बावीस मजले, ते दर पावसाळ्यात एक वर्षानं म्हातारे होणार.

हप्ता आणि भाडं यांतला फरक ३३ हजारांचा. तो सगळा शिल्लक पडेल असं म्हटलं तर खोटं होईल, माझा हात आईइतका आखडता नाही. पण पगार झाला की दुसऱ्या दिवशी २५ हजार आपोआप वळते होतील अशी सोय बँकेत करून ठेवलीय.

एक गोष्ट मात्र तुमच्यापासून लपवली होती, ती आता सांगते. मार्चमध्ये आम्ही एका ठिकाणी २१ हजारांचं टोकन देऊन बसलो होतो. चार रविवार साइटी पालथ्या घातल्या. प्रत्येक ठिकाणी गार सरबत, एसी आणि सॅम्पल फ्लॅट. हे सॅम्पल फ्लॅट म्हणजे नाटकाचं नेपथ्य असतं. आतल्या खोल्यांना दारंच नाहीत, त्यामुळे सगळं ऐसपैस वाटतं. एका बेडरूममध्ये समीर दमून पलंगावर आडवा झाला तर त्याचे पाय घोट्यापर्यंत बाहेर. मी पर्समधली टेप काढली (सप्लायरचे पार्ट तपासणाऱ्या बाईकडे टेप असतेच) तर पलंग पावणेसहा फुटांचा निघाला. मोठी खोली करता येत नाही तर पलंग लहान करायचा! तिथली मुलगी म्हणाली, "मॅम, ते फक्त डेकोरेशन पर्पजसाठी आहे."

हे सगळं डोळ्यांनी पाहूनही आम्ही त्याच ठिकाणी टोकन दिलं. गॅलरीतून थेट इंद्रायणीकडचा मोकळा पट्टा दिसत होता आणि ओवी तिथून हलेचना. "आजच्यापुरता हा रेट" हे वाक्य मी कंपनीत एखाद्या सप्लायरकडून ऐकलं असतं तर त्याला दारातून परत पाठवलं असतं. इथे मुकाट्यानं क्यूआर कोड स्कॅन केला.

रात्री घरी आल्यावर डोकं ताळ्यावर आलं. महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, वेबसाइटवर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला. ताबा देण्याची तारीख आधीच दोनदा पुढं ढकललेली. तसं त्यांनी लपवलेलं काही नव्हतं, साइटवर सगळं होतं, फक्त सरबतासोबत ते कुणी सांगत नाही. म्हणजे पुढची दोन-अडीच वर्षं आम्ही भाडंही भरायचं आणि जसजसे स्लॅब टाकले जातील तसतसा हप्ताही. टोकन परत मागितलं. "अकाउंट्सला पाठवलंय", "सर बाहेर आहेत", "सोमवारी नक्की", असं करत सात आठवड्यांनी पैसे आले. तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, कारण तुम्ही म्हणाला असतात, "मी येतो आणि बसतो त्यांच्या ऑफिसात." आणि खरंच येऊन बसला असतात.

त्या सात आठवड्यांत एक शहाणपण केलं. साइटवर विचारायचं सोडून राहत्या सोसायट्यांच्या वॉचमनना विचारायला लागलो. पिंपरी-चिंचवड महापालिकेचं पाणी नोव्हेंबर २०१९ पासून एक दिवसाआड येतं, आणि मोशी-चिखलीकडच्या कितीतरी सोसायट्या टँकरवर उभ्या आहेत. ब्रोशरमध्ये पोहण्याचा तलाव असतो, टँकर नसतो. एका वॉचमनकाकांनी टाकीचं झाकण उघडून दाखवलं आणि म्हणाले, "ताई, भाड्यानं या, मग ठरवा." अख्ख्या शोधातला हा एकच फुकट आणि खरा सल्ला.

रस्त्याचंही तेच. मोशी ते चाकण नकाशावर दहा-बारा किलोमीटर. सकाळी कंपनीच्या बसला कधी चाळीस मिनिटं लागतात, कधी दीड तास. चिंबळी फाटा, आळंदी फाटा, तळेगाव चौक, ट्रेलर जिथं आडवा होईल तिथं सगळे थांबतात. उद्या मला तळेगावच्या बाजूला बसवलं तर मोशी हे चुकीचं टोक ठरेल. आणि बदली चाकणमध्येच राहील असंही नाही. नाशिकहून इकडे पाठवताना साहेब हसत हसत म्हणालेच होते की नंतर साणंद किंवा होसूर. समीरच्या बँकेतली बदली तर अजून नाशिकच्या फायलीतच अडकलीय, शनिवार-रविवार तो इथे आणि बाकीचे दिवस एसटीच्या भरवशावर. अशा वेळी घर घ्यायचं म्हणजे गाडी कुठं जाणार हे न बघता तिकीट काढायचं.

सुलभामावशीच्या अमितनं घेतलं, मग तू का नाही, असं आई तू दोनदा विचारलंस. अमितचं बरोबर आहे. दोघांच्याही नोकऱ्या हिंजवडीत, दहा वर्षं त्याच भागात भाड्यानं राहिले, मुलं तिथल्या शाळेत रुळली, आणि घेतलं ते तयार घर, भोगवटा प्रमाणपत्र हातात घेऊन. त्यावर जीएसटीही लागत नाही. मी त्याच्या जागी असते तर मीही घेतलं असतं.

आणि बाबा, तुम्ही काय केलंत? धोम, भीमानगर, राधानगरी, पाटबंधारे खात्यानं जिथं पाठवलं तिथं गेलात. धोमच्या क्वार्टरच्या भिंतीला ओल यायची आणि आई पापडाचे डबे पलंगावर ठेवायची, एवढंच मला आठवतं. मिरजेला बदली झाल्यावरही लगेच प्लॉट घेतला नाहीत. ब्राह्मणपुरीत दोन खोल्या घेऊन सहा वर्षं राहिलात. त्या सहा वर्षांत दर पावसाळ्यात तुम्ही सायकल काढून पाणी कुठं साचतं ते बघत फिरायचात, मला पुढच्या दांडीवर बसवून. मला वाटायचं आपण पाऊस बघायला निघालोय. खात्याचा घरबांधणी अग्रिम मिळाला आणि १९९९ ला घर झालं तेव्हा तुम्ही पंचेचाळीस वर्षांचे होतात. मी आता अडतीसची आहे. माझी सायकल आत्ता कुठं निघालीय.

आईच्या शंका वेगळ्या आहेत, त्यांची उत्तरं देते. मालक उद्या घालवतील का, तर नाही. अकरा महिन्यांचा करार करून दरवर्षी नव्यानं विनवण्या करायच्या नव्हत्या म्हणूनच तीन वर्षांचा मागितला. पहिली दोन वर्षं त्यांनीही काढायचं नाही आणि आम्हीही सोडायचं नाही. त्यानंतर दोन महिन्यांची नोटीस. दरवर्षी पाच टक्के वाढ. म्हणजे ओवीची पाचवीपर्यंतची शाळा एकाच ठिकाणी. एजंटनं एक महिन्याचं भाडं दलाली घेतली, ते मात्र जिवावर आलं. मुद्रांक शुल्क तीन वर्षांच्या एकूण भाड्याच्या पाव टक्का, दोन हजारांच्या आतच बसलं.

नोंदणी घरातच झाली. लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन एक मुलगा आला. मालकांचा अंगठा एका झटक्यात लागला, माझा काही केल्या लागेना. पंधरा वर्षं पार्ट हाताळून रेषा झिजल्यात वाटतं. त्यानं सगळी बोटं करून पाहिली, मग म्हणाला, "ताई, केसांवरून बोट फिरवा." फिरवलं, तेल लागलं, आणि आला ठसा. आई, तू शनिवारी तेल लावायला फोनवर बजावतेस ते असं उपयोगी पडलं.

आणि खिळे. भाड्याच्या घरात भिंतीला खिळासुद्धा मारायचा झाला तर विचारावं लागतं, हे तुझं दुःख मला माहीत आहे, ब्राह्मणपुरीतल्या मालकीणबाईंचं नाव तू अजून घेतेस. मी करार करतानाच विचारून घेतलं. आठ खिळ्यांची परवानगी आहे आणि तसं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतलंय. शिवाय प्रत्येक भिंतीचे फोटो काढून मालकांना पाठवलेत. घर सोडताना रंगाचे म्हणून डिपॉझिटमधून किती कापतात यावरून ऑफिसातल्या दोघांची भांडणं ऐकलीत. देवघर ईशान्येला बसतंय, अगदी तुझ्या मापात नाही, पण बसतंय.

घर घेणारच नाही असं मी म्हटलेलं नाही. समीरची बदली होऊ दे, इथले दोन पावसाळे जाऊ देत, साठवणीचा आकडा आमचा आम्ही गाठू दे. मग बाबांनी यायचं आणि आधी सोसायटीची टाकी बघायची.

आता त्याआधीच्या येण्याचं. देहू-आळंदी रस्ता आमच्या मोशीतूनच जातो. २९ तारखेला माउलींच्या पालखीचं प्रस्थान आहे. आई, तू वर्षानुवर्षं फक्त टीव्हीवर बघितलंस. गर्दीत न्यायची नाही तुला, पण आदल्या आठवड्यात आळंदीला सकाळी लवकर जाऊन दर्शन घेऊन येऊ. इमारतीला लिफ्ट आहे, जनरेटरवर चालते, ते मी घर बघतानाच बटण बंद-चालू करून पाहिलंय. बाथरूमला हाताला धरायचा दांडा मात्र नाही. तो भिंतीत बसवायचा तर चार खिळे त्यातच गेले, उरले चार.

बाबांनी येताना ड्रिल आणि जाडे स्क्रू आणावेत. समीरच्या हातून भिंतीत भोक सरळ पडत नाही. गहू आणू नका, खाली गिरणी आहे. मेतकूट आणा.

तुमची,
मनू

ता. क. मुदलाचा आकडा तपासताना व्याज महिन्याच्या शिलकेवर धरा, वर्षाच्या नाही. नाहीतर माझी चूक निघाली म्हणून सोमवारी शिफ्टमध्ये फोन कराल.