अकरावीचे विषय: शाखा ठरली, पण गणिताचे काय?

महोदय,

दहावीचा निकाल लागला की घरोघरी दोनच प्रश्न असतात: सायन्स की कॉमर्स, आणि कॉलेज कोणते. अकरावीच्या ऑनलाइन अर्जातही शाखा आणि महाविद्यालयांचे जास्तीत जास्त दहा पसंतीक्रम एवढेच मुख्यतः भरायचे असते. विषय ठरतात ते प्रवेश घेण्याच्या दिवशी, खिडकीसमोर, मागच्या रांगेच्या घाईत. पुढे पदवीच्या प्रवेशाला मात्र पात्रता तपासली जाते ती बहुतेक ठिकाणी विषयांची.

राज्य मंडळाच्या बारावीला शंभर-शंभर गुणांचे सहा विषय असतात. सायन्सला इंग्रजी, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र धरले की तीन जागा उरतात. त्यात गणित, जीवशास्त्र आणि दुसरी भाषा किंवा आयटी (माहिती तंत्रज्ञान) बसवले की झाला पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी). बायफोकल (द्विलक्ष्यी व्यावसायिक विषय) घेतले तर चित्र बदलते. कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स हा 200 गुणांचा विषय असल्यामुळे तो दोन जागा घेतो. दुसरी भाषा जाते आणि गणित-जीवशास्त्रापैकी एकच राहते, बहुधा गणित. म्हणजे 'कॉम्प्युटरही होईल आणि नीटही (वैद्यकीय प्रवेश परीक्षा) देऊ' हे गणित ठेवून त्याच सहा विषयांत जमत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2023 मध्ये जीवशास्त्र बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण होण्याची मुभा दिली आहे आणि मुक्त विद्यालयी संस्थेकडून एकेक विषय देता येतो. पण तो द्राविडी प्राणायाम आहे. सुरुवातीलाच ठरवता आले तर त्या वाटेला जाऊ नये.

सर्वांत स्वस्तात सोडला जाणारा आणि नंतर सर्वांत महाग पडणारा विषय म्हणजे गणित. अभियांत्रिकीला भौतिकशास्त्र आणि गणित लागते हे सर्वांना ठाऊक आहे. वास्तुशास्त्रालाही गणित लागते, हे चित्रकला उत्तम म्हणून त्या वाटेने निघालेल्या मुलांना उशिरा कळते. एनडीएतून (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) हवाई दल वा नौदलात जायचे तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे. लष्करासाठी कोणतीही शाखा चालते खरी, पण लेखी परीक्षेत 300 गुणांची गणिताची प्रश्नपत्रिका सर्वांनाच सोडवावी लागते. पुण्यातल्या आयसरसह (विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) सर्व आयसरच्या प्रवेश परीक्षेत चारही विषयांचे पंधरा-पंधरा, असे 60 प्रश्न असतात. गणित नसलेला विद्यार्थी पात्र ठरतो, पण पाव प्रश्नपत्रिका त्याला परकी असते. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पीसीएम गटात गणिताचे 50 प्रश्न दोन-दोन गुणांचे आहेत, म्हणजे 200 पैकी 100 गुण एकट्या गणिताचे. तेव्हा गणित ठेवायचे ते मन लावून करण्यासाठीच. नुसते नावाला ठेवून उपयोग नाही.

उलट, जीवशास्त्राशिवाय फार्मसी नाही हा समज चुकीचा आहे. बी.फार्म.ला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि त्यांच्या जोडीला गणित किंवा जीवशास्त्र चालते. कृषी पदवीलाही पीसीएमवाले अर्ज करतात. एमबीबीएस, बीएएमएस, पशुवैद्यक आणि नर्सिंग यांना मात्र जीवशास्त्राला पर्याय नाही.

मुलगा खरोखरच अनिर्णित असेल तर आम्ही शिक्षक पीसीएमबी सुचवतो, पण त्यातली अडचणही सांगतो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राचे तीस-तीस गुणांचे प्रॅक्टिकल, शिवाय गणिताचे वीस गुण, म्हणजे चार जर्नल. 'जड गेले तर दिवाळीत एक सोडू' असे पालक म्हणतात तेव्हा सहावा विषय कोणता, हे कुणी विचारलेले नसते. सोडलेल्या विषयाच्या जागी दुसरा घ्यावाच लागतो. भूगोल किंवा मानसशास्त्र शिकवायला त्या कॉलेजात शिक्षक आहेत का, आणि सायन्सच्या वेळापत्रकात तो तास बसतो का, हे प्रवेशापूर्वी विचारायचे. बदल करायचाच असेल तर अकरावीच्या पहिल्या घटक चाचणीआधी करावा. पुढे बुडालेला अभ्यासक्रम भरून काढता येत नाही.

कॉमर्समध्ये हाच प्रश्न 'मॅथ्स की एसपी' या रूपात येतो. सेक्रेटेरियल प्रॅक्टिस सोपा, गुण देणारा, म्हणून मुले डोळे मिटून तो घेतात. सीए व्हायचे असेल किंवा इथेच बी.कॉम. करायचे असेल तर काही बिघडत नाही. पण केंद्रीय विद्यापीठांच्या सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेच्या विषययादीत एसपी नावाचा विषयच नाही. दिल्ली विद्यापीठ तर बारावीला शिकलेल्या विषयांचीच सीयूईटी ग्राह्य धरते आणि तिथल्या अर्थशास्त्र ऑनर्सला गणित अनिवार्य आहे. म्हणजे अर्थशास्त्रात 95 गुण मिळवलेली मुलगी एसपीमुळे अर्थशास्त्रालाच मुकते. संख्याशास्त्राकडे वळायचे असेल तरीही तेच. (त्याच विद्यापीठाच्या भाषायादीत मराठी आहे, त्यामुळे आयटीसाठी मराठी सोडण्यापूर्वी दोनदा विचार करावा.)

कला शाखेत गणित घेता येते, हे तर कित्येक शिक्षकांनाही नवे वाटते. मंडळाची कला आणि विज्ञान शाखांसाठी गणिताची प्रश्नपत्रिका एकच आहे. अर्थशास्त्र, मानसशास्त्र आणि गणित हा गट कागदावर उत्तम दिसतो, आणि भारतीय सांख्यिकी संस्थेच्या बी.स्टॅट. या संख्याशास्त्राच्या पदवीला तर बारावीला गणित आणि इंग्रजी एवढीच विषयांची अट आहे. अडते ते एवढ्यावरच, की बहुतेक कला महाविद्यालये हा गट देत नाहीत.

आणखी एक चूक टक्क्यांची. एकूण टक्केवारी आणि पात्रतेची टक्केवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एमबीबीएससाठी खुल्या प्रवर्गाला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मिळून 50 टक्के, म्हणजे 300 पैकी 150 लागतात. राखीव प्रवर्गाला 120. राज्यातल्या अभियांत्रिकीला संबंधित तीन विषयांत मिळून 45 टक्के, राखीवांना 40. संस्कृतचे 98 गुण इथे कामी येत नाहीत. आयआयटी-एनआयटीची 75 टक्क्यांची अट मात्र पाच विषयांवर मोजतात: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, एक भाषा आणि उरलेल्यांतला एक. दोन भाषा असतील तर जास्त गुणांची भाषा धरतात, त्यामुळे तिथे संस्कृत किंवा जर्मन ठेवल्याचा फायदा होतो. आयटी घेणाऱ्याकडे भाषा म्हणून फक्त इंग्रजी उरते.

पालकांनी करायचे काम एका संध्याकाळचे आहे. मुलाला रस वाटतील असे तीन-चार अभ्यासक्रम लिहावेत, प्रत्येकाची गेल्या वर्षीची माहिती पुस्तिका उघडावी आणि 'पात्रता' या शीर्षकाखालचे विषय व किमान गुण एका कागदावर उतरवावेत. जो विषय दोन किंवा अधिक ठिकाणी येतो तो सोडायचा नाही. क्लासच्या समुपदेशकाचे ऐकावे, पण क्लास जे गट शिकवतो तेच तो सुचवणार, हे ध्यानात ठेवावे. पात्रतेच्या अटी अधूनमधून बदलतात, म्हणून अकरावीत आणि बारावीचा अर्ज भरण्यापूर्वी हा कागद पुन्हा ताडून पाहावा.

महाविद्यालयांकडे आमची मागणी साधी आहे. पसंतीक्रम भरण्याची मुदत संपण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्याकडे प्रत्यक्ष शिकवले जाणारे विषयगट, बायफोकलच्या जागा, आयटीला पर्याय म्हणून कोणत्या भाषांचे वर्ग भरतात आणि विषय बदलण्याची शेवटची तारीख फलकावर व संकेतस्थळावर लावावी. माहितीपत्रकात छापलेला पण शिक्षकाअभावी बंद असलेला विषय त्यातून वगळावा.

— कनिष्ठ महाविद्यालयातील काही शिक्षक, सातारा