आवाहन : आइस हॉकीचे स्केट्स व संरक्षक साहित्य हवे आहे

सप्रेम नमस्कार.

फोंडा तालुक्यातील आमच्या क्रीडा मंडळाची मुले बास्केटबॉलच्या सिमेंटच्या मैदानावर चाकांचे स्केट्स घालून हॉकीचा सराव करतात. येत्या मे महिन्याच्या सुट्टीत त्यांना देहरादूनच्या हिमाद्री रिंकवर, म्हणजे प्रत्यक्ष बर्फावर, सरावासाठी नेण्याचे मंडळाने ठरविले आहे. या खेळाचे साहित्य महाग असते आणि मुलांचे पाय वर्षभरात वाढतात, त्यामुळे प्रत्येकासाठी नवा संच घेणे पालकांच्या आवाक्याबाहेरचे आहे. टोरांटो, मिसिसागा परिसरात स्थायिक झालेल्या गोमंतकीयांच्या घरी मुलांना लहान झालेले स्केट्स, पॅड्स पडून असतील, तर चवथीला किंवा नाताळला गावी येताना ते सोबत आणावेत, अशी विनंती आहे.

मात्र हाती लागेल ते आणू नये. आइस हॉकीचा स्केट रोजच्या बुटापेक्षा साधारण एक ते दीड नंबर लहान लागतो. नाड्या सोडून पाय पुढे सरकविला असता टाचेमागे एका बोटापेक्षा अधिक जागा राहू नये. बांधून उभे राहिल्यावर पायाची बोटे टोकाला जेमतेम लागावीत आणि गुडघे वाकविताच टाच मागे बसून ती किंचित सुटी व्हावीत. वाढत्या अंगाचे घेण्याची आपल्याकडची सवय येथे कामाची नाही, कारण सैल बुटात घोटा आत कलतो, मूल नाड्या करकचून आवळते, तळपाय दुखू लागतो आणि टाच उचलली जायची ती जातेच. जाड मोज्यांनीही हा दोष जात नाही. म्हणून स्केटवर छापलेला नंबर आणि रुंदीचे अक्षर (डी, ईई वगैरे) आम्हांला आधी जसेच्या तसे कळवावे.

पात्याच्या कडेला मधोमध लांबवर उथळ खाच असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक धार असते. कोयते-सुऱ्या परजणाऱ्याच्या सहाणेवर ही खाच सपाट होऊन पाते वाया जाते, त्यामुळे धार लावण्याचे खास यंत्र मंडळाला घ्यायचे आहे. कॅनडातील यंत्रे १२० व्होल्टवर चालतात आणि आपल्याकडे वीज २३० व्होल्टची, तेव्हा यंत्र न आणता त्यासाठी निधी द्यावा. आपल्या पावसाळी हवेत पात्याला गंज आणि बुटाच्या आतील कापडाला बुरशी लागायला वेळ लागत नाही. त्यामुळे साहित्य येथे कोणाच्या घरी ठेवायची वेळ आली, तर पाती कोरडी पुसून कापडी खोळीत ठेवावीत आणि आतले तळवे काढून ठेवावेत. प्लॅस्टिकचे आवरण चढवून ठेवू नये, आत ओल कोंडते.

हेल्मेटच्या बाबतीत मंडळ कोणतीही सूट देणार नाही. त्यावरील एचईसीसी (हॉकीचे साहित्य प्रमाणित करणारी अमेरिकी संस्था) शिक्क्याची मुदत उत्पादनापासून साडेसहा वर्षांची असते. मुदत उलटलेले किंवा तडा गेलेले हेल्मेट कृपया आणू नये. नडगीच्या पॅडची वाटी गुडघ्याच्या वाटीवर नेमकी बसावी आणि खालचे टोक स्केटच्या वरच्या कडेपर्यंत यावे. मधे उघडी राहिलेली नडगी पकचा, म्हणजे चेंडूऐवजी वापरतात त्या कठीण रबरी चकतीचा, मारा थेट झेलते. कोपराचे पॅड व हातमोजे यांच्यात मनगट उघडे राहू नये, यासाठी दोन्ही एकाच मुलाच्या मापाचे असलेले बरे.

गळ्याचे संरक्षक पट्टे आणि दातांची कवचे मात्र आम्ही नवीच घेणार आहोत. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे सामन्यात स्केटच्या पात्याने गळा कापला जाऊन अॅडम जॉन्सन हा खेळाडू मरण पावला, आणि त्यानंतर अनेक ठिकाणी गळ्याचा पट्टा सक्तीचा झाला. चाकांवर हा धोका नसल्याने आमच्या मुलांना त्याची सवय नाही. ती लागावी म्हणून देहरादूनला जाण्यापूर्वी सिमेंटच्या मैदानावरच पट्टे बांधून सराव घेतला जाईल.

साहित्य व देणग्या रोज संध्याकाळी सरावाच्या वेळी मैदानावर स्वीकारल्या जातील आणि देणगीची पावती तेथेच मिळेल. मुलांच्या पायांची, डोक्याच्या घेराची व नडगीच्या लांबीची मापे मंडळाकडे लिहून ठेवली आहेत. परदेशातील नातेवाइकांना कळविण्यासाठी ती मागून घ्यावीत. बांधणीत काही बदल करावे लागले तर त्यांना वेळ मिळावा, यासाठी सर्व साहित्य फेब्रुवारीअखेरपर्यंत आमच्याकडे पोहोचावे.